कोठींत शिल्लक किती?

आमच्या घरीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास एक नित्यविधि न चुकतां होतो. शेगडीवर चहाचें आधण चढलेलें असतें, आमच्या सौ. दुधाच्या पिशव्या आंत घेत असतात, आणि सूनबाई ओट्याला टेकून मोबाईलवर आलेलें एक पत्र वाचीत असते. पत्र तें कसलें! मायना नाहीं, आशीर्वाद नाहीं. दहा ओळी आणि त्यांत नुसते आंकडे. ते वाचून तिची मुद्रा कधीं निवांत होते, तर कधीं कपाळावर बारीकशी आठी चढते. प्रथम मला वाटलें, हा शेअरबाजाराचा कांहीं प्रकार असावा. अखेर एके दिवशीं न राहवून मीं विचारलें, "सूनबाई, देवाला नमस्कार करण्यापूर्वीं हें कसलें वाचन?" ती हंसून म्हणाली, "बाबा, कोठींत शिल्लक किती आहे तें पाहतें."

आमचें बिऱ्हाड महाळुंग्यास. मुळशी तालुक्यांतील हें मुळेकांठचें गांव १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बांधलेल्या क्रीडासंकुलामुळें पुष्कळांच्या कानांवर गेलें, आणि २०२१ सालच्या जूनअखेर तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. आमच्या सज्जांतून पाहिलें म्हणजे खालीं नदी व पलीकडे हिंजवडीचे कांचेचे मनोरे दिसतात. ज्या मुळशीच्या आंबेमोहोरानें पुण्यांतील घरोघरच्या कोठ्या भरल्या, त्याच तालुक्यांत आतां निराळ्या धान्याच्या कोठ्या भरतात. सूनबाई नदीपलीकडल्या एका संस्थेंत अशा कोठीची राखणदार आहे. संगणकांवर दिवसभर जें काम होतें त्याची एक प्रत रोज रात्रीं दुसऱ्या यंत्रावर काढून ठेवावयाची, म्हणजे मुळास कांहीं अपाय झाल्यास त्या प्रतीवरून तें पुनः उभें करतां यावें. यास बॅकअप म्हणतात. पहिल्या वेळीं सर्व माहितीची पूर्ण प्रत, पुढें रोज रात्रीं फक्त जें बदललें तेवढेंच. आणि ठराविक मुदत संपली, उदाहरणार्थ महिना उलटला, कीं जुन्या प्रती काढून टाकावयाच्या. म्हणजे या कोठींत रोज कांहीं येतें आणि रोज कांहीं जातें. येणें जाण्यापेक्षां अधिक झालें, कीं कोठी भरत चालली असें समजावें.

इतकें सोपें असतां त्याचें एवढें अगत्य कां, हें कळण्यास एक जुना प्रसंग सांगितला पाहिजे.

सूनबाई पूर्वीं एका दुसऱ्या संस्थेंत होती. रुग्णांचीं क्ष-किरणचित्रें व तपासणीचे अहवाल सांभाळणें हें त्या संस्थेचें काम. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण जें तेथें घडलें तें कोठेंही घडूं शकतें. सूनबाई नुकतीच कामावर रुजू झालेली. एका शुक्रवारीं एका कर्मचाऱ्याच्या हातून चित्रांचा एक संच चुकून पुसला गेला. कोणी घाबरलें नाहीं. रात्रीची प्रत आहे, ती काढूं, असें सर्वांस वाटलें. प्रत पाहिली तों ती एकोणीस दिवसांपूर्वींची! प्रतींची कोठी भरून गेली होती आणि एकोणीस रात्रीं तेथें एक अक्षरही उतरलें नव्हतें. त्या एकोणीस दिवसांत ज्यांचीं चित्रें काढलीं होतीं, त्यांपैकीं कित्येकांना पुनः बोलवावें लागलें. त्यांत पौडहून मुलाचा हात धरून आलेल्या एक वृद्ध बाई होत्या. सूनबाईनें त्यांच्यापुढें जाऊन क्षमा मागितली, तेव्हां त्या म्हणाल्या, "परत यावं लागलं, दुसरं काय! तू कशाला रडतीस?" हें सांगतांना आजही तिचा आवाज बदलतो.

"यंत्रानें रोज रात्रीं 'जागा नाहीं' असें लिहून ठेवलें होतें, बाबा," ती म्हणाली. "लिहिण्यांत त्याची कसूर नव्हती. वाचणारें कोणी नव्हतें."

नव्या संस्थेंत प्रतींचा कारभार तिच्याकडे आला, तेव्हां तिनें पहिलें काम केलें तें रोजच्या अहवालाचें. याकरितां तिनें एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला एकदांच लिहून दिलेली कामांची याद. घरांत नवीन माणूस कामास ठेवला म्हणजे 'आधीं हें, मग तें' असें आपण सांगून ठेवतों, तसाच हा प्रकार. तिच्या यादींत फार कलमें नाहींत. पहांटे ठरल्या वेळीं उठावें; सबंध कोठींत किती भरलें व किती मोकळें तें मोजावें; प्रत्येक सर्व्हरच्या कप्प्यांत किती आहे तें निराळें मोजावें; तारीख घालून एक ओळ वहींत लिहावी; आजच्या ओळींतून कालची वजावट करावी; आणि निघालेलें उत्तर पत्रानें कळवावें. याला लागणारीं हत्यारेंही नवीं नाहींत. सबंध कोठी मोजणारी 'डीएफ' आणि कप्पे मोजणारी 'डीयू' या दोन आज्ञा अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७१ सालीं निघालेल्या यूनिक्सच्या पहिल्या आवृत्तींतच होत्या. आंकडे निवडून त्यांचा हिशेब करणारें 'ऑक' १९७७ सालचें. आहो, वाइनबर्गर व कर्निघन या तिघां कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून त्यास तें नांव पडलें. ठरल्या वेळीं काम सुरूं करून देणाऱ्या रखवालदारास 'क्रॉन' म्हणतात. पन्नास वर्षांचीं हीं जुनीं भांडीं आजही जगभर रोज पहांटे चुलीवर चढतात, हें ऐकून मला बरें वाटलें.

तिचा पहिला अहवाल मीं पाहिला. त्यांत एकच ओळ होती: "कोठी ७५ टक्के भरली." मीं तीस वर्षें बँकेच्या हिशेबखात्यांत काढलेलीं, माझ्या तोंडून सहज निघून गेलें, "हा ताळेबंद झाला. कीर्द कोठें आहे?"

"म्हणजे काय, बाबा?"

"आज काय आहे हें ताळेबंद सांगतो, तें कसें झालें हें कीर्द सांगते. आरंभींची शिल्लक, आजची जमा, आजचा खर्च आणि अखेरची शिल्लक, अशीं चार घरें घाल. पहिल्या तीन घरांवरून चौथें निघालें पाहिजे. न निघालें तर कोठें तरी घोटाळा आहे, आणि तो आजच सांपडेल; महिन्यानें शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं."

ती तत्काळ कागद घेऊन बसली. जेवणें आटोपल्यावर आम्हीं दोघांनीं मिळून तीं घरें आंखलीं, आणि अनेक वर्षांनीं माझ्या विद्येला घरांत कोणी तरी किंमत दिली. दुसऱ्याच आठवड्यांत मेळ बसेना. सर्व कप्प्यांची बेरीज सबंध कोठीहून मोठी येई! तपास करतां निराळीच गंमत निघाली. न बदललेली फाईल रोज नव्यानें न लिहितां तिच्या त्याच एका प्रतीस अनेक दिवसांच्या कप्प्यांतून नांव देण्याची युक्ति तेथें वापरलेली होती. कप्पे निरनिराळे मोजल्यावर तीच फाईल प्रत्येक कप्प्यांत पुनः मोजली जात होती. एकच पातेलें सासूच्या यादींत आणि सुनेच्या यादींतही लिहिलें, तर घरांत दोन पातेलीं आहेत असें वाटणारच. तेव्हांपासून कोठीचा एकंदर भरणा सबंध मोजूनच घेतात, आणि कप्प्यांचे आंकडे केवळ कोणता कप्पा वाढतो आहे हें पाहण्यापुरते.

आणखी एक खांच वजनमापांची. जुन्या काळीं कच्चा शेर आणि पक्का शेर यांत गोंधळ होई, तसाच येथें आहे. डिस्क विकणारा टेराबाइट म्हणतो तो दहाच्या पटींनीं मोजून. पुष्कळ यंत्रें तोच शब्द वापरून १०२४ च्या पटींनीं मोजतात. त्यामुळें २० टेराबाइटची म्हणून विकत घेतलेली डिस्क यंत्रावर १८.१९ च दिसते. दुकानदारानें फसविलें नाहीं, फक्त माप बदललें. परंतु अहवालांत एका घरीं कच्चा शेर आणि दुसऱ्या घरीं पक्का शेर पडला, तर सर्व हिशेबच वाया जातो. म्हणून कोणतेंही एक माप घ्यावें आणि तें वहीच्या माथ्यावर लिहून ठेवावें.

आतां मुख्य गोष्ट. कोठी किती भरली यापेक्षां ती कधीं भरेल, हा प्रश्न महत्त्वाचा. उदाहरणादाखल १८,००० जीबीची कोठी घ्या. काल भरणा १३,५०० होता. आज ९५ आंत आले, मुदत संपलेले ३५ बाहेर गेले. अखेर भरणा १३,५६०. निव्वळ वाढ ६०. मोकळी जागा उरली ४,४४०. तिला ६० नें भागलें म्हणजे ७४ दिवस. "७५ टक्के भरली" हें वाचून मनुष्य कूस बदलून निजतो. "७४ दिवस उरले" हें वाचून तो दिनदर्शिका पाहतो. तीच वाढ ६० ची ८० झाली तर ७४ दिवसांचे ५५ होतात, आणि टक्क्यांच्या आंकड्यांत मात्र कांहींच हललेलें दिसत नाहीं.

एका दिवसाच्या वाढीवर विसंबूंही नये. रविवारीं पूर्ण प्रत काढीत असल्यास त्या दिवसाचा आंकडा फुगतो; सुटीच्या दिवशीं तो बसतो; जुन्या प्रती एकदम काढल्या तर वाढ उणेंतही जाते. म्हणून सात दिवसांची सरासरी एका घरांत आणि तीस दिवसांची दुसऱ्या घरांत ठेवावी. सातांची तिसांपेक्षां बरीच वर गेली, कीं कांहीं नवीन सुरूं झालें असें समजावें. धोक्याची रेषा कोठें आंखावी, याविषयींही सूनबाईचें म्हणणें मला पटलें. पुष्कळ ठिकाणीं ऐंशीं किंवा नव्वद टक्क्यांवर घंटा लावतात. ती विचारते, नवी डिस्क मागविण्यास आपणांस किती दिवस लागतात? दरपत्रकें, मंजुरी, खरेदी, माल येणें, बसविणें, यांत सहा आठवडे जात असतील, तर घंटा साठ दिवस उरले असतांच वाजली पाहिजे, मग टक्के कितीही असोत. भात चुलीवर ठेवण्यापूर्वीं तांदूळ आणावे लागतात.

पुण्याच्या माणसाला खरें तर हें शिकवावयास नको. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी, आणि पावसाळ्यांत या साखळींत काल किती होतें, आज किती झालें, हें पुणेंकर वर्तमानपत्रांत पंचांगाप्रमाणें पाहतात. भर जुलैंत कोणी भेटलें तर प्रश्न "धरण किती भरलें?" एवढ्यावर थांबत नाहीं, "कालपासून किती वाढलें?" हा त्याच्या पाठोपाठ येतोच. तोच प्रश्न आपण यंत्राच्या कोठीस विचारावयाचा.

हा प्रश्न विचारल्याचीं फळें तिला लौकरच मिळालीं. दोन महिन्यांनीं एका सर्व्हरची रोजची वाढ ४ जीबीवरून एकदम २२ वर गेली. पूर्वींची पद्धत असती तर कोठी भरल्यावरच तें कळलें असतें. तिनें एक फोन केला. कोणीं तरी तात्पुरतीं म्हणून काढलेलीं चित्रें रोज नव्या नांवानें सांठवून ठेवीत होतें, आणि त्या टाकाऊ मालाच्याही प्रती इमानेंइतबारें निघत होत्या. ती सवय थांबली, आणि त्या वर्षीं डिस्कच्या खरेदीचा खर्च वांचला.

परंतु वाढ नेहमींच अशी निरुपद्रवी नसते. आजच्या कोठ्यांत सारख्या मजकुराची एकच प्रत ठेवून बाकीच्या जागीं नुसती चिठ्ठी ठेवण्याची सोय असते. वाड्यांतल्या दहा बिऱ्हाडांकडे एकच पोथी असेल तर एक पोथी आणि नऊ चिठ्ठ्या. त्यामुळें पुष्कळ माहिती थोड्या जागेंत मावते. आतां कोणी दरोडेखोर लांबूनच यंत्रांत शिरला आणि सर्व फाईली गुप्तलिपींत बदलून खंडणी मागूं लागला, तर काय होतें? गुप्तलिपींतल्या दोन फाईली एकमेकींसारख्या नसतात, आणि त्या दाबून लहानही होत नाहींत. शिवाय प्रत्येक फाईल बदललेली, म्हणून त्या रात्रीं सर्वांच्या प्रती नव्यानें निघूं लागतात. रोजची साठ जीबींची वाढ एका रात्रींत हजारांवर जाते. कित्येकदां चोर घरांत शिरल्याची पहिली चाहूल अशा वाढीवरून लागते. म्हणून सूनबाईच्या पत्रांत नेहमींच्या सरासरीच्या तिपटीहून वाढ अधिक झाल्यास पहिल्या ओळींत मोठ्या अक्षरांत तसें लिहून येतें.

हा धंदा पुण्यास परका आहे असें मात्र कोणी समजूं नये. रोजच्या नोंदींची परंपरा येथें जुनी आहे. १८९१ सालीं बांधलेल्या इमारतींत आजही जपून ठेवलेल्या पेशवे दप्तरांत रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल आहेत, आणि रियासतकार सरदेसाई यांनीं त्या दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले ते त्या नोंदी राहिल्या म्हणूनच. आपल्या काळीं, २००८ सालीं, प्रती सांभाळण्याच्याच कामासाठीं ध्रुवताऱ्याचें नांव घेऊन 'द्रुवा' ही कंपनी पुण्यांतच निघाली आणि पुढें जगभर पसरली. कागद गेला, काच आली; पण दप्तरदाराचें काम तेंच राहिलें.

अहवाल लिहिणें आणि अहवाल पोंचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें सांगणारीं दोन उदाहरणें प्रसिद्ध आहेत. पहिलें १९९८ सालचें. अमेरिकेंत पिक्सार या चित्रपटसंस्थेंत 'टॉय स्टोरी २' चें काम चालू असतां चुकीच्या एका आज्ञेनें चित्रपटाच्या फाईली भराभर पुसल्या जाऊं लागल्या. प्रती पाहाव्या तों त्या महिनाभर नीट निघतच नव्हत्या, कारण त्यांची जागा भरली होती. आणि जागा भरल्याची नोंद ज्या वहींत व्हावयाची, ती वहीही त्याच भरलेल्या जागेंत! तींत अक्षर उमटणार कसें? शेवटीं गॅलिन सुसमन या बाईंनीं काम वांचविलें. बाळंतपणानंतर घरून काम करतां यावें म्हणून त्यांनीं चित्रपटाची एक प्रत घरीं नेऊन ठेवली होती.

दुसरें उदाहरण ३१ जानेवारी २०१७ चें. गिटलॅब या कंपनींत रात्रीं उशिरां दुरुस्ती करणाऱ्या एका अभियंत्याकडून मूळ माहितीचाच सुमारें ३०० जीबींचा सांठा पुसला गेला. रोजच्या प्रतींची जागा उघडली तों ती रिकामी. प्रत काढणारें साधन जुन्या आवृत्तीचें आणि माहितीचें भांडार नव्या आवृत्तीचें, म्हणून प्रत निघतच नव्हती. तशी सूचना देणारीं पत्रें यंत्र पाठवीत होतें, परंतु त्यांवर योग्य ती सही नसल्यानें पत्रपेटी तीं दारांतूनच परत लावीत होती. सुदैवानें दुसऱ्या कामासाठीं सहा तासांपूर्वीं काढलेली एक प्रत हातीं लागली. मधल्या सहा तासांचें काम गेलें तें गेलेंच. कंपनीनें हा सर्व वृत्तांत स्वतः जगापुढें मांडला, याबद्दल तिची वाखाणणी केली पाहिजे.

या दोन गोष्टींवरून सूनबाईनें आपल्या यादींत दोन कलमें वाढविलीं आहेत. अहवालाची वही प्रतींच्या कोठींत ठेवावयाची नाहीं, ती निराळ्या यंत्रावर. आणि पत्र वाईट बातमी असली तरच नव्हे, तर चांगली असली तरी रोज आलें पाहिजे. वाईट बातमीपुरतेंच पत्र ठेवलें, तर पत्र आलें नाहीं याचा अर्थ सर्व ठीक आहे असा करावा, कीं पत्र लिहिणाराच आडवा झाला असा? गेल्या श्रावणांत एका सकाळीं साडेसहा वाजून गेले तरी पत्र आलें नाहीं. चहा तसाच टाकून ती संगणकापुढें बसली. निघालें तें क्षुल्लक. पत्रें नेणारी यंत्रणाच बंद होती. तरी तिची ती धांवपळ पाहून पौडच्या त्या बाई मला आठवल्या, आणि मीं चहा पुनः गरम करून तिच्यापुढें ठेवला.

हें सर्व ऐकतांना मला माझें स्वतःचें एक जुनें नुकसान आठवतें.

आमचा वाडा नदीकांठच्या पेठेंत होता. आजोबांच्या एका जाड वहींत आमच्या घराण्याची वंशावळ, कुळाचार, औषधांचे पाठ आणि घरांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाची जन्मवेळ घटकापळांसह लिहिलेली असे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें. मी दहा वर्षांचा होतों. आईनें आम्हां भावंडांना हातास धरून उंचावर नेलें. दोन दिवसांनीं परत आलों तेव्हां घरांत गुडघाभर चिखल होता आणि त्या वहीचा पुठ्ठासुद्धां सांपडला नाहीं. वही गेली असें सर्वांनीं मानलें. पुढें दिवाळींत साताऱ्याहून आत्या आली, ती पदराखालीं एक वही घेऊनच. १९४८ सालीं लग्न होऊन सासरीं जातांना माहेरची आठवण म्हणून तिनें ती सबंध वही आपल्या अक्षरांत उतरून नेली होती! वडिलांनीं ती हातांत घेतली आणि कितीतरी वेळ ते कांहीं बोलले नाहींत.

परंतु आत्याची प्रत १९४८ पर्यंतचीच. त्यानंतरच्या तेरा वर्षांत आजोबांनीं लिहिलेलें सर्व नदीनें नेलें, आणि माझा जन्म १९५१ चा. माझी जन्मवेळ आई "दिवेलागणीच्या सुमारास" अशी सांगे; वडील म्हणत, "छे, चांगला काळोख पडला होता." त्या दोघांच्या मताभेदावर माझी पत्रिका उभी आहे. लग्नाच्या वेळीं माझ्या सासऱ्यांनीं ती दोन ज्योतिषांना दाखविली आणि दोन लग्नराशी निघाल्या! हा विनोद आमच्या घरीं अजून चालतो. पण त्या तेरा वर्षांत माझी एक धाकटी बहीण जन्मली आणि दोन वर्षांची होऊन गेली. तिच्याविषयीं आजोबांच्या हातचें जें काय चार ओळींचें असेल, तें आतां कोठेंच नाहीं. प्रत होती, परगांवीं होती, सुरक्षित होती. उणीव एवढीच, कीं तिच्यावरची तारीख कोणीं पाहिली नव्हती. दर वर्षीं भाऊबीजेला आत्या येतच होती. वर्षाचीं दोन पानें उतरून घेण्यास किती वेळ लागला असता?

म्हणून वाचकांस, विशेषतः घर चालविणाऱ्या भगिनींस, माझी विनंति आहे. आपल्या घरींही आतां अशी एक कोठी असते. मुलांचीं छायाचित्रें, गेलेल्या वडीलधाऱ्यांचे आवाज, घराचे कागद, सर्व एका मोबाईलांत नाहीं तर एका डिस्कवर असतें. त्यासाठीं स्क्रिप्ट लिहिण्याची गरज नाहीं. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तीन आंकडे लिहा: किती भरलें, गेल्या महिन्यापेक्षां किती वाढलें, आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेची. जुन्या आंकड्यांवरून जागा केव्हां संपेल हें सहा महिन्यांत कोणासही तोंडीं सांगतां येईल. प्रतींविषयीं जाणत्यांचा नियम असा, कीं एकंदर तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणीं असावी. आणि महिन्यांतून एकदां त्यांपैकीं एखादें छायाचित्र खरोखर उघडून पाहा. बरणीवर 'लोणचें' असें लिहिलें आहे एवढ्यावरून आंत लोणचें आहे असें कोणतीही गृहिणी मानीत नाहीं. झांकण काढून पाहते.

आत्याची ती वही आतां आमच्याकडे आहे. गेल्या महिन्यांत सूनबाईनें तिचीं सर्व पानें संगणकावर उतरून घेतलीं, एक प्रत घरीं, एक दुसऱ्या साधनावर, आणि एक साताऱ्यास आत्याच्या नातवाकडे पाठविली. काम संपल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, आतां १९४८ च्या पुढचें तुम्ही सांगा, मी लिहून घेतें." रोज रात्रीं जेवणानंतर आम्ही एक पान करतों. माझ्या जन्मवेळेपाशीं आलों तेव्हां तिनें दोन्ही मतें लिहून घेतलीं. धाकट्या बहिणीचें पान काल झालें. मला आठवलें तेवढें साडेतीन ओळींचें भरलें. सूनबाईनें त्याखालीं तारीख घातली.